कोरडे तांदूळ

राजेगावला ज्या अंगणात बायका विड्या वळायला बसत, तिथे विमलामावशीच्या बापाची, पुनारामची, एक ठरलेली जागा होती. विड्या तोही वळायचा, पण त्याला बसवून घेत ते गोष्टींसाठी. कान गुंतले की हात आपोआप चालतो, असं त्या बायका म्हणत. पुनारामला गोष्टी पुष्कळ येत, पण बायकांची फर्माईश एकच असे: चोराची. कोतवालाच्या घरी पाहुणा म्हणून पोटभर जेवून त्याचीच पगडी डोक्यावर घालून निघून जाणारा चोर. शिपायांनी त्याच्या दारावर चुन्याची खूण केली, तर उजाडायच्या आत सगळ्या गावाच्या दारांवर तीच खूण करून ठेवणारा चोर. त्याला नाव नव्हतं. लहानग्या विमलाने एकदा विचारलं, तर बाप म्हणाला, "नाव ठेवलं का सापडला तो."

हे सगळं मला विमलामावशीनेच सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता. मध्य प्रदेशात, बालाघाटातल्या आमच्या गल्लीत सात घरं. सगळी मराठी, सगळी नोकरदारांची, आजोबांच्या पिढीपासून इथेच राहिलेली. मावशी त्यातल्या दोन घरी स्वयंपाक करायची. सकाळी आधी मधूकाकांकडे, मग आमच्याकडे. सरेखाच्या रेल्वे फाटकापलीकडे तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा धम्मपाल ई-रिक्षा चालवायचा. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून ती आमच्याकडे येत होती, म्हणजे आमच्या घरातलं कुठलं भांडं कुठे आहे हे आईपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमधली ही हकीकत. मी तेव्हा कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते.

एके दिवशी दुपारी गल्लीतली वीज गेली. मधूकाकांच्या व्हरांड्यात वारा बरा येतो, म्हणून आम्ही तिथे जाऊन बसलो. मधूकाका सिंचन विभागातून निवृत्त झालेले, अजून गल्लीत त्यांना साहेबच म्हणत. त्यांच्या बायको सुनंदाकाकू, मुलगा संकेत, सून श्रिया, असे सगळे होते. मावशी काम आटोपून निघाली होती. तिला मीच म्हटलं की मावशी, चोराची एखादी सांग.

तिने सांगितली ती अशी. राजाच्या राणीची पेटी चोरीला गेली. प्रधानाने साऱ्या नगराला मैदानात गोळा केलं आणि प्रत्येकाच्या तोंडात मूठभर कोरडे तांदूळ घातले. म्हणाला, चघळा आणि पानावर थुंका. ज्याच्या मनात पाप, त्याच्या तोंडाचं पाणी आटतं. त्याचे तांदूळ कोरडेच बाहेर येतील. रांग सुरू झाली, आणि चोर रांगेत बरोबर मधोमध उभा.

इथवर आली आणि पंखा फिरायला लागला. मधूकाका मॅच बघायला आत गेले, संकेत लॅपटॉपकडे गेला, मीही घरी आले. गोष्ट अर्धीच राहिली. उरलेली अर्धी मावशीने आत स्वयंपाकघरात चहा करताना एकट्या श्रियाला सांगितली, हे मला फार उशिरा कळलं.

श्रिया पांढुर्ण्याची. एम.एस्सी., बी.एड. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. लग्नानंतर काही दिवस ती शाळेत शिकवायचं म्हणत होती, मग म्हणेनाशी झाली. सुनंदाकाकूंचे गुडघे दुखत, आणि मधूकाकांचं म्हणणं होतं की या घरातल्या सुनेला नोकरीची गरज काय. ते आवाज चढवून काही बोलत नसत. एकदाच शांतपणे बोलत, आणि मग तो विषय घरात पुन्हा निघत नसे. श्रियाची सगळी मूळ प्रमाणपत्रं त्यांनी 'हरवायला नकोत' म्हणून लग्नाच्या वेळीच मागून घेतली होती. काकूंच्या कपाटात एक लाल रंगाची लहान पेटी होती. तिच्यात श्रियाच्या पाटल्या, काकूंचा हार आणि तळाशी ते कागद. कपाटाची किल्ली काकूंच्या कमरेला.

एका शनिवारी ती पेटी नाहीशी झाली. काकू आंघोळीला गेल्या होत्या, किल्ली खुंटीवर राहिली होती. त्या तासाभरात घरात मावशी होती, भांडी घासणारी ललिता होती, संकेत आणि श्रिया होते, आणि कुकरची शिटी परत करायला गेलेली मी होते. संध्याकाळपर्यंत अख्खं घर उलटंपालटं केलं. मावशीची पिशवी तपासली, ललिताची तपासली. सगळ्यांच्या तोंडी पाटल्या आणि हार. कागद कुणाच्या लक्षातही आले नाहीत.

रविवारी सकाळी मधूकाकांना मावशीची गोष्ट आठवली. ते आधी हसत हसतच म्हणाले होते की विमलाचाच उपाय करून बघू. पण दिवसभरात ते हसणं उतरलं, आणि संध्याकाळी पाच वाजता त्यांनी खरोखर सगळ्यांना व्हरांड्यात बोलावलं. मलाही. मी आईबरोबर गेले. गंमत वाटत होती, हे कबूल करते.

काकूंनी कोठीतून चिन्नोरचे तांदूळ काढून आणले. प्रत्येकासमोर पळसाचं एकेक पान ठेवलं. सून आणि मुलगा यांनीही चघळायचं, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको, असं मधूकाका म्हणाले. आम्ही पाच जण. मी, संकेत, श्रिया, ललिता, विमलामावशी. काकांनी घड्याळ लावून दोन मिनिटं मोजली.

माझे तांदूळ लगदा होऊन पडले. संकेतचे तसेच. ललिताचे तसेच. श्रियाचे सगळ्यांत ओले. मावशीने पानावर थुंकले ते मात्र जसे तोंडात घातले होते तसेच, पांढरे, मोकळे, एकमेकांना न चिकटलेले. दोन दाणे ओठाला लागून राहिले होते, ते तिने बोटाने काढले.

मावशी आपल्या पानाकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि श्रियाच्या पानाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, लाजेने तिची नजर भिरभिरते आहे.

मधूकाका ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पोलिसांत मी जात नाही, विमला. इतक्या वर्षांचा संबंध आहे. गुरुवारपर्यंत पेटी होती तिथे येऊ दे. मी कुणाला काही विचारणार नाही."

"साहेब, मी काही नाही घेतलं," मावशी म्हणाली. तोंड कोरडं असल्यामुळे ते शब्दसुद्धा नीट फुटले नाहीत.

घरी आल्यावर आईने तिला फोन केला आणि सांगितलं की काही दिवस तू आमच्याकडे येऊ नको, हे निस्तरेपर्यंत. मी तिथेच उभी होते. मावशी ब्लडप्रेशरची गोळी घेते, आमच्या ओट्यावर तिची पाण्याची बाटली कायम असते आणि दर दहा मिनिटांनी ती घोट घेते, हे मी रोज बघत होते. त्या संध्याकाळी मला ते आठवलं नाही. की आठवलं आणि मी बोलले नाही, याचं उत्तर मी अजून स्वतःला देऊ शकलेले नाही.

मधूकाकांकडे मात्र तिला यायला सांगितलं होतं. नाही आली तर पळाली म्हणतील, आली तर कसल्या तोंडाने येते म्हणतील. ती आली. सोमवारी सकाळी काकू जेवणाच्या टेबलाशी कोथिंबीर निवडत बसल्या, त्यांचं तोंड स्वयंपाकघराकडे. चमचे-वाट्या त्यांनी रात्रीच मोजून ठेवल्या होत्या म्हणे. श्रिया मदतीला आत होती. काकूंचा फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या, तेव्हा मावशी भेंडी चिरता चिरता, वर न बघता म्हणाली, "चिंच कुठची घेतली?"

श्रियाच्या हातातलं लाटणं थांबलं.

गोष्टीतला उरलेला अर्धा भाग तोच होता. रांगेतल्या चोराने जिभेखाली चिंचेचं बुटूक धरलं होतं. तोंडाला एवढं पाणी सुटलं की त्याचे तांदूळ सगळ्यांत ओले निघाले. व्हरांड्यात श्रियाच्या पानावरच्या तांदळांना किंचित तपकिरी झाक होती. ते कुणाला दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं. मावशीला कळलं.

श्रियाने सगळं भराभर सांगून टाकलं. माहेरी चुलतभावाच्या लग्नाला गेली होती तेव्हा ती शिक्षक भरतीची परीक्षा देऊन आली होती. फॉर्म मोबाईलवर भरला होता. आता निवड झाली होती. बुधवारी जबलपूरला कागदपत्रांची तपासणी, मूळ कागद लागणार. नुसते कागद घेतले असते तर त्याच क्षणी तिचंच नाव निघालं असतं. म्हणून अख्खी पेटी घेतली. कागद काढून घेतले आणि पेटी दागिन्यांसकट तांदळाच्या कोठीत, खाली खोल दाबून ठेवली. तांदूळ चघळायला लावतील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. रविवारी सकाळी सासरे बोलले तेव्हा ती घाबरली आणि चिंच घेतली. बाकी कुणी चोर नाही, तर बाकी कुणाचं तोंड कशाला कोरडं पडेल, असं तिला वाटलं.

"मायं तोंड बारा महिने कोरडं रायते," मावशी म्हणाली. "गोयीनं."

श्रियाला रडू यायला लागलं. बुधवार होऊ द्या मावशी, ती म्हणाली, मग मी गुपचूप पेटी कपाटात ठेवून देते.

"ठेवली तर काय होईन? साहेब म्हणतीन, विमलानं भिऊन ठेवली. नाई सापडली तरी चोर मीच, अन् सापडली तरी मीच."

हे श्रियाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मावशी मला पुढे म्हणाली, त्या वेळी तिला इतका राग आला होता की हातातली सुरी आधी खाली ठेवावीशी वाटली. तिचा बाप एक गोष्ट पाळायचा. चोर सुटलाच पाहिजे, पण त्याच्यापायी गरिबाचा गळा अडकला तर ती गोष्ट तो सांगत नसे. दारांवरच्या खुणांच्या गोष्टीतही तो नेहमी सांगायचा, की चोराने गावभर खुणा केल्या त्या कुणा एकावर आळ येऊ नये म्हणून. श्रियाला हे ती बोलली. मग तिने आणखी एक विचार केला. जाऊन सांगितलं, तर सून खरी की स्वयंपाकीण खरी? आणि समजा खरं मानलंच, तर ते कागद कुठे जातील? "त्याईनं फाडले असते," ती मला म्हणाली. "अन् मायं नाव काही सुटलं नसतं."

तिने श्रियाकडून एकच कबूल करून घेतलं. काम झालं की स्वतः सांगायचं. चिठ्ठी नको, फोन नको. चार लोकांसमोर उभं राहून, तोंडाने. श्रियाने मान डोलावली. काकू परत आल्या.

बाहेर गोष्ट पसरली होती. ललिता आणखी तीन घरी भांडी घासायची, आणि तांदळाची हकीकत तिने सगळीकडे सांगितली. सोमवारी संध्याकाळी ती धम्मपालला रिक्षा स्टँडवर कुणीतरी ऐकवली, वर हसलाही. तो तापून घरी आला. वार्डातल्या दहा जणांना घेऊन साहेबाच्या दारात जातो म्हणाला. कोणत्या जमान्यात आहेत हे लोक, तांदूळ चघळवून चोर पकडतात, यांना कोर्टात उभं करतो, असं बराच वेळ बोलत होता. मावशीने त्याला गुरुवारपर्यंत थांब म्हटलं.

"गुरुवारपर्यंत काहून? तुले काही माहीत आहे का?"

मावशी भात बघायला उठली. त्याला सांगितलं तर तो तसाच उठून गेला असता आणि गल्लीत उभा राहून ओरडला असता. मग बुधवार झालाच नसता.

तो तिच्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "माय, तूच तर नाही घेतली?"

एवढं विचारून तो रिक्षा चार्जिंगला लावायला बाहेर गेला. मावशीने भात वाढून ठेवला, तो खाल्लाही. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. मावशी मला म्हणाली, "साहेबानं म्हटलं ते मी गिळलं. पोरानं विचारलं, ते नाही गिळता आलं." मंगळवारी ती कामाला जाताना वार्डातल्या विहारापाशी बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. ओळखीच्या बायका. एकीने नेहमीसारखं 'जयभीम' केलं, बाकीच्यांनी पदर सारखे केले.

बुधवारी पहाटे श्रिया मैत्रिणीबरोबर देवीच्या दर्शनाला जाते म्हणून निघाली आणि जबलपूरच्या गाडीत बसली. दहा वाजता काकूंनी फोन लावला तो बंद. अकराला मैत्रिणीला लावला, तर ती घरीच होती. मावशी तेव्हा वरण फोडणीला टाकत होती. काकू आत आल्या आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला माहीत होतं."

मावशीला खोटं बोलता येत नाही. गोष्टीत येतं, एरवी नाही. तिने गॅस बंद केला.

मधूकाकांनी पुढचं दार लावलं, मागच्या अंगणाच्या दाराला कुलूप घातलं. तिचा मोबाईल मागून घेतला. श्रिया येईपर्यंत तू इथून हलायचं नाही, आणि आता मात्र मला ठाण्यात बोलावं लागेल, असं ते म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी लावली.

ती तिथे साडेअकरापासून पाच वाजेपर्यंत होती. खिडकी उंचावर, जाळीची. पाण्याची बाटली बाहेर टेबलावर राहिली होती. नळाचं पाणी प्यायली. कोपऱ्यात स्टूल होतं, त्यावर बसली, आणि स्टुलाला लागून तांदळाची कोठी. झाकण नुसतं ठेवलेलं. हात घातला असता तर पेटी बाहेर यायला दोन मिनिटं लागली नसती. पेटी दाखवून सुटता येईल असं तिला क्षणभर वाटलं, आणि लगेच कळलं की पेटी तिच्या हातात दिसली की मग जन्मभर सुटका नाही. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग मांडीवरून काढून काखेत धरले. कोठीकडे पाठ करून बसावं, तर समोर दाराची कडी. बाहेर संकेत फोनवर फोन लावत होता, काकू रडत होत्या, आणि मधूकाका कुणाशी तरी ठाणेदाराची ओळख काढत होते. अर्ध्या शिजलेल्या वरणावर साय धरली. त्या साडेपाच तासांत आपण एकदाही कोठीला शिवलो नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं. जणू मी साक्षीदार असल्यासारखं.

आमचं घर त्या घरापासून तिसरं. त्या दिवशी दुपारी मी अभ्यास करत होते.

पाच वाजता श्रियाने संकेतला फोन केला. तपासणी झाली होती. तिने सांगितलं की पेटी मी घेतली, कोठीत आहे, दागिने जसेच्या तसे आहेत, कागद तेवढे माझे होते. आता मी पांढुर्ण्याला जाते आहे. संकेतने कडी काढली, मावशीकडे न बघता कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि पेटी वर काढली. तांदूळ फरशीवर सांडले. मावशी सवयीने ते गोळा करायला वाकली, मग थांबली आणि सरळ उभी राहिली.

मधूकाका दारात आले. मोबाईल परत दिला. "जा विमला. झालं ते झालं," ते म्हणाले. आणि मग, "बाहेर काही बोलू नको. घरातली गोष्ट आहे."

"अन् मायं नाव?"

"मी सांगेन ना सगळ्यांना, पेटी सापडली म्हणून."

"सापडली म्हणून नोका सांगू, साहेब. कोणी घेतलती ते सांगा."

मधूकाका मागच्या दाराकडे गेले. कुलूप काढून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी गल्लीला एवढंच कळलं की पेटी सापडली, तांदळाच्या कोठीत होती. श्रिया माहेरी गेली, आईची तब्येत बरी नाही. आमच्या आईपासून सगळ्यांनी लगेच जोडून टाकलं. कोठीत रोज हात कुणाचा असतो? भिऊन ठेवली असणार. विमलामावशी म्हणाली होती तसंच झालं.

ती कुणाकडे सांगत गेली नाही. श्रियाच्या नेमणुकीचं पत्र यायचं होतं, आणि मधूकाकांची ओळख कुठवर पोचते हे तिला नीट ठाऊक होतं. शिवाय ऐकणार कोण? पुढचे दोन महिने तिने पाच घरी काम मागितलं. एका घरी बाई हसून म्हणाली की आमच्याकडे तांदूळ चघळावे लागतील. शेवटी गोंदिया रोडवरच्या एका ढाब्यावर पोळ्या लाटायचं काम मिळालं. उन्हाळ्यात तंदूरशेजारी उभं राहायचं काम, गोळ्या घेणाऱ्या बाईने करायचं नव्हे. धम्मपाल तिला सकाळी सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. रस्त्याने दोघं रिक्षात असत आणि बोलत नसत.

नोव्हेंबरात, शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला, श्रिया आमच्या दारात उभी राहिली. सुती साडी, पायांत धुळीने भरलेल्या चपला. बिरसा तहसिलातल्या जंगलभागात एका गावात तिला शाळा मिळाली होती, तिथून बसने आली होती. आईने पाणी दिलं. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने आईला सगळं सांगितलं. पेटी, चिंच, कोठी, फोन. आईचा चेहरा कसा होत गेला हे मी पाहिलं. मग ती शेजारी गेली. मग पलीकडे. सहा घरांत तिने तेच सांगितलं, त्याच क्रमाने, काही न वगळता. मी तिच्या मागे मागे होते. सातव्या घराच्या फाटकाशी ती थांबली. सुनंदाकाकू व्हरांड्यात आल्या. तिने त्यांनाही सांगितलं की विमलामावशीने काही घेतलं नव्हतं, हे मी गल्लीत सांगितलं आहे. काकू म्हणाल्या, "आत ये." ती गेली नाही. मधूकाका आत होते, टीव्हीचा आवाज येत होता.

तिला मावशीचं घर ठाऊक नव्हतं. तीन वर्षं एका ओट्यावर काम करून ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं? धम्मपालचा नंबर आईकडे निघाला, विचारत विचारत आम्ही माझ्या स्कूटीवर फाटकापलीकडे गेलो.

मावशी त्या दिवशी ढाब्यावरून लवकर आली होती. दारात बसून पायाला तेल चोळत होती. तिने आधी मला पाहिलं, मग मागे बसलेल्या श्रियाला.

"मावशी, सांगितलं मी. सगळ्या घरी."

मावशीने तेलाची वाटी बाजूला सरकवली. "आठ महिने लागले," ती म्हणाली.

श्रिया सांगायला लागली की पत्र उशिरा आलं, सहा महिने तर तेच येत नव्हतं, मग रुजू झाले तर सुट्टी नाही. ती बोलता बोलता थांबली. सगळी कारणं खरी होती. मावशीने ती ऐकून घेतली, पण बरं झालं असं म्हटलं नाही. धम्मपाल भिंतीला टेकून उभा होता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, आईकडे एकदा बघितलं आणि रिक्षा काढून निघून गेला. थोड्या वेळाने दूध घेऊन परत आला. मावशीने चहा मांडला. तिकडे जंगलात तुझं जेवणाचं काय, कोण करतं, असं तिने श्रियाला विचारलं. श्रिया म्हणाली, मीच करते, जमेल तसं. भात गिच्च होतो. मावशीने तिला चिन्नोरला पाणी किती घालायचं ते सांगितलं.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर निघालं ते एवढंच, की आईने तुला परत कामाला बोलावलंय.

"पाहतो," मावशी म्हणाली.

ती आली नाही. आता ती मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते, श्रियाच्याच ओळखीने ते काम मिळालं. श्रिया आणि संकेत वेगळे झाले. मधूकाका आजारी असतात. मी अधूनमधून मावशीकडे जाते. ही हकीकत तिने मला अशाच खेपांमध्ये थोडी थोडी करून सांगितली, कधी मागचं पुढे, कधी पुढचं मागे. वसतिगृहाला जायला आमची गल्ली जवळची पडते, तरी ती तळ्याकडच्या रस्त्याने वळसा घालून जाते. काहून म्हणून विचारलं, तर म्हणते, तिकडून रिक्षा मिळते. तिकडे रिक्षा मिळत नाही, हे तिला आणि मला दोघींना माहीत आहे.